खुर्चीतली मालकीण

"मी झाडू धरून नुसती उभी राहिले, तर झाडणार कोण?" असं म्हणत मोलकरीण त्रेन अंगणात निघून गेली.

चित्रकाराला तर कागदावर मालकीण आणि मोलकरीण दोघीही हव्या होत्या. मग झाडू त्याच्या बायकोच्या, आलेइडाच्या हातात आला. संध्याकाळी त्रेन दमून खुर्चीत पेंगली, तेव्हा त्याने तिच्यावर रेशमी शाल टाकून तिलाच मालकीण केलं.

हार्लेमचा बडा व्यापारी चित्र बघायला आला. "खानदान झोपेतही लपत नाही," तो म्हणाला. "मोलकरीण मात्र कामचुकार दिसते."

आलेइडाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात त्रेन आत आली. व्यापारी अदबीने उठला आणि आलेइडावर खेकसला, "बघतेस काय? बाईसाहेबांना खुर्ची दे."

चित्र अजून विकलं गेलं नव्हतं. आलेइडाने मुकाट्याने खुर्ची पुढे केली.

त्रेन बसलीसुद्धा, अगदी ऐसपैस.