शेजारची कॉट

तपासणीचे साहेब येणार म्हणून त्या खासगी मेडिकल कॉलेजनं तांड्यावरची धडधाकट माणसं टेम्पोत घालून आणली आणि पेशंट म्हणून कॉटवर निजवली. त्यात रूपाबाईही होती. तिची मिना तिथंच डॉक्टरकी शिकत होती.

रूपाबाईच्या शेजारची कॉट तेवढी रिकामी होती. तरी तिकडून कोणीतरी बारीक खोकत होतं.

साहेब आले, तशी मिना पुढं झाली. "सर, यांना काही आजार न्हाई. कॉलेजनं आणून झोपवलंय. ही तर माझी याडी, माझी आई."

"पोरी, डॉक्टर व्हायचंय ना तुला?" कॉलेजचे मोठे डॉक्टर हळूच म्हणाले.

"व्हय सर. पण खोटं बोलून न्हाई."

रूपाबाईचा ऊर भरून आला. ती ताडकन उठून बसली. "बराबर बोलली माझी लेक! उठा रे समदे, चला घरी."

माणसं उठून गेली. रूपाबाई तेवढी लेकीपाशी थांबली. वॉर्ड ओस पडला. खोकला मात्र जवळ आल्यासारखा वाटू लागला.

मोठे डॉक्टर कुत्सित हसले. "एवढी खऱ्याची लागून गेलीस, तर हा रिकाम्या कॉटवरचा पेशंटही तपासून सांग की!"

मिना वाकली. गादीपासून वीतभर वर, हवेतच तिनं स्टेथोस्कोप टेकवला. तो टेकला. तिचा चेहरा पांढरा पडला, पण हात हलला नाही.

"लांब श्वास घ्या, बाबा," ती म्हणाली.

रूपाबाईनं मान ताठ केली. लेक जे असेल तेच सांगणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"सर," मिना म्हणाली, "हे मात्र खरंच आजारी आहेत."