कौलांची परवानगी

"तेच ते, दादाजान. खिडकीपाशी अर्ज घेऊन उभे आहेत ना, तेच तुमचे अब्बा," मिसबा आजोबांच्या कानाशी म्हणाली.

शमशुद्दीनभाईंनी पडद्याकडे टक लावली. ऐंशी वर्षांचा माणूस आज पहिल्यांदा बापाचं तोंड बघत होता. ते आईच्या पोटात असतानाच अब्बा गेले, जेमतेम चाळिशीत. घरात तसबीर ठेवायची चाल नव्हती. अब्बा बुधवार पेठेतले शिंपी, एका फिल्म कंपनीचे कपडे शिवायचे. एकदा नट आलाच नाही, तेव्हा कंपनीनं शिंप्यालाच उभं केलं. तो मूकपट आता कुठे सापडला होता आणि सदाशिव पेठेतल्या एका छोट्या सभागृहात दाखवत होते.

पडद्यावरचा पोरगा पंचविशीचा. गुळगुळीत गाल, दाट केस. शमशुद्दीनभाईंना काहीच वाटेना. हा तर कुणीतरी परका. जन्मभर आस धरली आणि काळीज जागचं हललंसुद्धा नाही. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

गोष्ट साधी होती. पोराला गळक्या घराची कौलं बदलायचीत, त्याला कचेरीची परवानगी हवी. एक कारकून दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा तिसऱ्याकडे. साहेब कधी जेवायला, कधी दौऱ्यावर. पोरगा आपला बाकावर बसून. दाढी येते, वाढते, पांढरी होते. प्रेक्षक हसून बेजार.

"नशीबवान आहे. बसायला बाक तरी मिळालाय," मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले.

शमशुद्दीनभाई मात्र खुर्चीच्या टोकाशी सरकले होते. ती पांढरी दाढी, वाकलेली मान, डोळे बारीक करून बघायची तऱ्हा. हा माणूस त्यांना रोज सकाळी आरशात भेटायचा. हे अब्बाच. डोळे कधी वाहू लागले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

शेवटी साहेबानं सही केली. म्हातारा कागद घेऊन दाराबाहेर पडला आणि सभागृहातले दिवे लागले. मिसबानं आजोबांचा हात धरला.

"रडू नका ना. फारच छळलं हो त्यांना कचेरीवाल्यांनी."

"अल्ला त्यांचं भलं करो, बेटा," शमशुद्दीनभाई डोळे पुसत म्हणाले. "साहेबानं इतक्यात सही करायला नको होती."