मशिनीचं पथ्य

धाकट्या जावेनं, पूनमनं, भंगारात काढलेला स्वस्तातला लॅपटॉप वच्छलानंच वाचवला होता. मोबाइलवर व्हिडिओ बघत, आठ दिवस खपून तिनं विंडोज काढून हलकं लिनक्स बसवलं. आता पूनम त्यावरच गल्लीतल्या बायकांना शेंगाचटणीची लेबलं करायला शिकवत होती. बायका तिला मॅडम म्हणत होत्या. स्वयंपाकघरात भाकरी थापणारी वच्छला तव्याआधी तापली. "जुन्या मशिनीला हलकंच खायला घालावं लागतंय," पूनम सांगत होती. वाक्यसुद्धा वच्छलाचंच. तेवढ्यात पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं उमटायला लागली. "काय झालं, मॅडम?" एकीनं विचारलं. भाषा बदलायला दोन बटणं एकदम दाबायची, हे ठाऊक असूनही दारात आलेली वच्छला चौकटीला टेकून बघत राहिली. पूनमनं मान वळवली. "अक्का, या की. मला तुमीच शिकवलंय न्हवं?" "हात धुऊन आले," म्हणत वच्छला शेवटची बाई वळून बघेपर्यंत नळाखाली बोटं चोळत राहिली.