खडकावरच्या जुळ्या

"बाई, तुम्ही शंखावरून नाव दिलेली समुद्री गोगलगाय तुम्ही ठरवलेल्या कुळातली नाहीच," मृण्मयीने एकदाचं सांगून टाकलं. डीएनएचा अहवाल आल्यापासून ती आपल्या गुरूंना, टेंबेबाईंना, टाळत होती. त्या एका नावावर बाईंची सारी कीर्ती उभी होती.

"दाखव," एवढंच बाई म्हणाल्या.

ओहोटीला दोघी मालवणच्या खडकावर उतरल्या. टोपीसारख्या शंखाच्या दोन गोगलगायी शेजारी चिकटल्या होत्या, अगदी जुळ्या बहिणी. "ही कल्ल्यांनी श्वास घेणारी. आणि ही तुमची," मृण्मयी म्हणाली, "बागेतल्या गोगलगायीची नातलग."

बाईंनी गुडघे टेकून त्या दुसरीवर भिंग धरलं. शंखाची कड किंचित उचलली गेली. तिच्याखाली इवलंसं छिद्र उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"अगं, ही हवा घेतेय! हिला फुप्फुस आहे!" बाई भिंगावर आणखी वाकल्या. "आणि लाटांनी दोघींना एकसारखीच टोपी घातली?"

"पण बाई, तुम्ही दिलेलं नाव बदलावं लागेल."

"बदल की!"

भरतीचं पाणी साडीला लागलं तरी बाई उठेनात. मृण्मयीने त्यांचा दंड धरला.

"थांब गं," त्या म्हणाल्या, "अजून एक श्वास पाहू दे."