कुरणातलं लटकन

क्लेमच्या धातुशोधक यंत्राने टुंई केलं तेव्हा सिरिल मुद्दाम मान वळवून मेंढ्यांकडे बघत राहिला. तिथे काय आहे ते त्याला ठाऊक होतं. गुरुवारी संध्याकाळी त्यानेच ते पुरलं होतं. तीस वर्षांच्या सरावाच्या हाताने गवत कापून बाजूला केलं, वीतभर उकरलं, वस्तू ठेवली आणि गवत परत बसवून बुटाने दाबलं. कुणाच्या बापाला पत्ता लागणार नव्हता.

"काहीतरी आहे रे," क्लेम म्हणाला.

"बाटलीचं बूच असेल. तुझ्या नशिबात आणखी काय असणार?"

क्लेम कण्हत गुडघ्यांवर बसला आणि खुरप्याने माती काढू लागला. बऱ्याच वेळाने त्याने तळहात पुढे केला. बोटभर लांबीची, ढालीच्या आकाराची तांब्याची वस्तू होती. वर कडी, मध्ये झेप घेणारा सिंह, आणि त्याच्याभोवती निळ्या मिन्याचे उरलेसुरले कण.

क्लेम एकदा त्या वस्तूकडे, एकदा खड्ड्याकडे बघत होता. मग त्याने सिरिलकडे पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"म्युरिअल असायला हवी होती," तो म्हणाला.

सिरिललाही भरून आलं. केलं ते बरंच केलं, असं त्याला वाटलं.

म्युरिअल म्हणजे क्लेमची बायको. फेब्रुवारीत गेली. तेव्हापासून क्लेमचं जेवणात लक्ष नव्हतं. यंत्र विकून टाकतो म्हणाला होता. सिरिलची अवस्था तरी कुठे धड होती? हृदयाच्या दुखण्यापायी त्याची बस चालवायची नोकरी सुटली, आणि ना बायको ना मूल असलेला हा माणूस चार महिने पायजम्यात घरी पडून होता. तेवढ्यात क्लेमचा फोन आला. "शनिवारी येतोस का? एकट्याने कुरणात जायला पाय उचलत नाहीत रे." त्या दिवशी सिरिलने दाढी केली.

तेव्हापासून रोज सकाळी आठला तो क्लेमच्या दारात हजर. अंडं खाल्लंस का, गोळी घेतलीस का, मोजे कोरडे आहेत का. सासूसुद्धा इतकी पिडत नाही. एप्रिलमध्ये त्याला लोवेस्टॉफ्टच्या जुन्या बाजारात, गंजक्या किल्ल्यांच्या डब्यात ही वस्तू दिसली. ती क्लेमला सापडावी म्हणून त्याने घेतली.

युक्ती फळली. त्या दुपारी पबमध्ये क्लेमने मटणाचा अख्खा पाय संपवला, वर सिरिलच्या ताटातले बटाटेही उचलले. गुत्तेवाल्यापासून टपालवालीपर्यंत सगळ्यांनी ती वस्तू हातात घेऊन पाहिली.

"पेटीच्या कुलपावरची असेल," गुत्तेवाला म्हणाला.

"जाड्या पुस्तकाची कडी असते ना, तशी दिसते," टपालवाली म्हणाली.

"उगाच डोकं कशाला चालवता?" क्लेम म्हणाला. "टॅमझिन बाई मंगळवारी वाचनालयात बसतात. त्याच ओळखतील."

सिरिलने काटा खाली ठेवला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. टॅमझिन बाई परगण्याच्या अधिकारी. लोकांना जमिनीत सापडलेल्या वस्तू ओळखायच्या आणि कुठल्या शेतात सापडल्या ते नकाशासकट नोंदवायचं, हे त्यांचं काम. या छंदात रिकाम्या हाताने परतण्यात कमीपणा नाही, पण खोटी जागा सांगणाऱ्याला पुन्हा कुणी आपल्या शेतात पाय ठेवू देत नाही. आता ती खोटी जागा क्लेमच्या नावावर लागणार होती. आणि खरं सांगावं, तर नुकता कुठे जेवायला लागलेला माणूस परत खचणार.

दोन रात्री सिरिलला झोप नव्हती. मंगळवारी दोघं अकराला जाणार होते. सिरिल नऊलाच एकटा वाचनालयाच्या पायरीवर जाऊन बसला.

"बाई, माझ्या हातून एक चूक झाली आहे," आत शिरताच तो म्हणाला, आणि बाजार, गुरुवार, कुरण, सगळं एका दमात सांगून मोकळा झाला. "क्लेमला यातलं काही माहीत नाही. तो देवमाणूस आहे. वस्तू जुनी नाही, नोंदीच्या लायकीची नाही, असं काहीतरी त्याला सांगा. पण गोड शब्दांत सांगा."

टॅमझिन बाईंनी चष्मा काढला, परत घातला. मग टेबलाचा खण ओढला. त्यात मऊ कागदावर तो सिंह होता.

"घोड्याच्या छातीवरच्या पट्ट्याला लावायचं लटकन आहे हे," त्या म्हणाल्या. "सातशे वर्षांपूर्वीचं. अगदी अस्सल. पंधरा वर्षांत असं दुसरं माझ्या हातात आलं नाही."

"पण ते इथे कसं?"

"क्लेम काल माझ्या घरी आणून देऊन गेले."

सिरिल खुर्ची ओढून बसला. "म्हणजे नोंद झाली."

"अर्ज भरलाय त्यांनी." बाई जरा घुटमळल्या. "तुम्हाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली होती. पण आता अकरा वाजता तुम्हा दोघांसमोर मी कुणाकुणाशी काय नाटक करू? हे तुम्हीच वाचा."

त्यांनी कागद फिरवून त्याच्यापुढे सरकवला. अक्षर क्लेमचंच होतं, तिरकं आणि दाबून काढलेलं.

सापडल्याची जागा: ठाऊक नाही. कुरणातली नाही.

शेरा: गवत आधीच कुणीतरी चौकोनी कापलेलं होतं. आमच्यात चौकोनी कापणारा एकच आहे, बाकी सगळे गोल कापतात. बाई, तो समोर असताना मला काही कळलेलं नाही असंच वागा. मी मार्चपासून ठीक आहे, जेवतोही व्यवस्थित. पण माझ्याकडे बघायला हवं म्हणून तो रोज सकाळी उठतो, आणि मी सावरलो हे त्याला कळलं तर त्याला उठायला काही कारणच उरणार नाही.