फोटोतला कॅचर

लॉनी ब्रॅशरने फोटोवर सही केली आणि तो डावीकडे सरकवला. ऑरिन टॅकेटने त्याखाली आपली सही केली. टोपीवाल्या गिऱ्हाइकाने शाई वाळावी म्हणून फोटो उन्हात धरला आणि लॉनीला सांगितलं, की तू खरं तर आत असायला हवास. आत म्हणजे रस्त्याच्या टोकाला, हॉल ऑफ फेमच्या लाल विटांच्या इमारतीत. तिथे बेसबॉलच्या थोर खेळाडूंचे चेहरे कांस्यात ओतून भिंतीवर लावतात. लॉनी हसला. ऑरिन हसला नाही.

दर जुलैत कूपर्सटाउनमध्ये नव्या खेळाडूंना त्या भिंतीवर जागा मिळते. ज्यांना मिळत नाही ते बाहेर, दुकानांच्या दारात टेबलं टाकून सह्या देतात. लॉनीला आत घेत नव्हते, कारण तो स्टेरॉइडच्या सुया घ्यायचा. ऑरिन सरळमार्गी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता, पण तेवढा थोर नव्हता. लोक त्याला ओळखत ते या एका फोटोमुळे.

फोटो बावीस वर्षांपूर्वीचा. ऑरिनने टाकलेला चेंडू लॉनीने प्रेक्षकांत टोलावला आणि होम रनचा विक्रम मोडला, तो क्षण. पंचापासून वरच्या मजल्यावरच्या बाईपर्यंत सगळ्यांचे चेहरे आभाळाकडे. ऑरिनची मान खाली. आणि लॉनीच्या मागे, जाळीचा मुखवटा डोक्यावर सारून उभा असलेला, ऑरिनचे चेंडू झेलणारा त्याच्याच संघाचा कॅचर, गिल पेटिबोन. तो चेंडूकडे बघत नव्हता. तो ऑरिनकडे बघत होता.

ऑरिन हे प्रत्येकाला बोट ठेवून दाखवायचा. सगळं स्टेडियम चेंडूमागे गेलं होतं, माझ्याकडे बघणारा एकटा गिल, असं म्हणायचा. गिलच्या थोरल्या मुलीचा तो धर्मपिता होता. पुढच्या मोसमात गिल लॉनीच्याच संघात गेला, तिथे दोनदा अजिंक्यपद जिंकला, आणि त्या जोरावर त्याचा चेहरा भिंतीवर लागला. ऑरिनने त्याचा कधी हेवा केला नाही. लॉनीच्या सुया उघडकीला आल्या तेव्हा गिलनेच ऑरिनला फोन करून सांगितलं होतं, की तुझा चेंडू उत्तम होता, तो सुईने मारला. ऑरिन आजवर त्या वाक्यावर जगला होता.

आता गिल ज्येष्ठांच्या समितीत होता. लॉनीसारख्यांचा शेवटचा निवाडा याच समितीकडे, आणि तिथे गिलचा शब्द चाले. मी आहे तोवर एकही सुईवाला आत येणार नाही, असं तो प्रत्येक मेजवानीत सांगायचा.

गर्दी जरा पांगली. मिरवणुकीचा बँड ऐकू येऊ लागला होता.

"गिल माझा फोन घेत नाही," लॉनी म्हणाला. "तू बोल ना त्याच्याशी. तुझा शब्द तो मोडायचा नाही."

"काय बोलू? माझा चेंडू चोरणाऱ्याला मत दे म्हणून?"

लॉनीने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "घेतल्या सुया. मी कुठे नाही म्हणतोय? दंडात जोर आला त्याने. पण चेंडू वळणार आहे, हे काय सुई सांगते होय रे?"

ऑरिनला ती खेळी पाठ होती. कॅचरने गुडघ्यांमध्ये बोटांनी खूण करायची आणि पिचरने तसा चेंडू टाकायचा, ही रीत. गिलने वळणाऱ्या चेंडूची खूण केली. ऑरिनने मान हलवून नकार दिला. गिलने तीच खूण पुन्हा केली, आणि पुन्हा. दहा वर्षं ज्याच्या बोटांवर विश्वास ठेवला, त्याला तिसऱ्यांदा नाही म्हणणं ऑरिनला जमलं नाही.

"कोणी सांगितलं?" ऑरिनने विचारलं.

गिल समोरच्या फलंदाजांशी मागे बसून गप्पा मारायचा, हे सगळ्या देशाला ठाऊक होतं. त्याच्या चेहऱ्याखाली कांस्यात तसं कोरलंही आहे, की प्रतिस्पर्ध्याशीही गोड बोलणारा.

"त्याने माझ्या आईची तब्येत विचारली," लॉनी म्हणाला. "आईचं विचारलं की चेंडू वळणार, असं ठरलं होतं आमचं. त्या हिवाळ्यात मी आमच्या संघाच्या मालकाकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. बावीस वर्षं तोंड मिटून आहे मी, ऑरिन. निदान फोन तरी घ्यावा त्याने."

बँड पुढे गेला. मागून उघड्या ट्रकांमधून थोर खेळाडू येऊ लागले. तिसऱ्या ट्रकात गिल बायकोशेजारी बसला होता. ऑरिन दिसताच तो उठून उभा राहिला. त्याने एक हात छातीवर ठेवला आणि दुसऱ्याने ऑरिनकडे बोट दाखवलं. जुनी मैत्री बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग गिलला ऑरिनच्या शेजारी बसलेला लॉनी दिसला.

ऑरिनने हात वर केला नाही.

गिलचा हात हवेतच राहिला. ओठांवरचं हसू तसंच होतं, पण डोळे ऑरिनच्या चेहऱ्यावर खिळले होते, काहीतरी शोधत होते. ट्रक पुढे सरकला तशी त्याची मान मागे वळत गेली. ती नजर ऑरिनच्या ओळखीची होती. फोटोत तिच्याखाली त्याने हजारो सह्या केल्या होत्या. याला कळलं की काय, एवढंच गिल तेव्हाही बघत होता.