मावशींची तयारी

या वर्षी मावशींनी किमचीसाठी फक्त दहाच कोबी आणले.

एरवी नोव्हेंबरात त्यांच्या अंगणात कोबीचा ढीग पडायचा. मेंग माल-सुन हे त्यांचं नाव, पण कोरियातल्या जन्जूच्या विद्यापीठामागच्या त्या गल्लीत सगळी पोरं त्यांना मावशीच म्हणत. मुलींना त्या खोल्या देत, दोन वेळचं जेवायला घालत, आणि हिवाळाभराची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायला सगळ्यांना कामाला जुंपत.

"एवढेच?" मारेतने हातमोजे चढवत विचारलं.

"पुढे खाणार कोण आहे?" मावशी म्हणाल्या. "मीठ जोर लावून चोळ. मांजर कुरवाळतेयस का?"

मारेत एस्टोनियातल्या तार्तूहून एका सत्रासाठी आलेली. आली तेव्हा तिला कोरियन वाचता यायचं, लिहिता यायचं, पण बोलायची वेळ आली की कान लाल व्हायचे. पहिल्याच आठवड्यात ती परतीचं तिकीट शोधत बसली होती. मावशींनी ते पाहिलं आणि कायदा केला. जेवताना बोलायचं. चुकलं तरी चालेल, गप्प बसलेलं चालणार नाही.

शिवाय मुळ्यापासून झाडूपर्यंत प्रत्येक गोष्टीला त्या विचारत, "तुमच्यात याला काय म्हणतात?" आणि तो शब्द इतका वाकडा म्हणत, की मारेतची हसून मुरकुंडी वळे. हसता हसता तिचीही जीभ सुटली. आता ती मासेवालीशी घासाघीस करत होती.

मावशी रोज नाश्ता उरकला की पिशवी घेऊन बाजाराला जात. दुपारी बरेचदा पिशवी रिकामीच असे. "आज काही धड नव्हतं," म्हणत त्या स्वयंपाकाला लागत.

पहिली शंका दा-सोलला आली. दा-सोल मोक्पोची, शेजारच्या खोलीतली.

"मावशी दवाखान्यात गेल्या होत्या," ती भांडी पुसता पुसता हळूच म्हणाली. "सगळ्या तपासण्या केल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, वेळ आली की कराव्याच लागतात."

मग अंगणातले सोयाबीनच्या सॉसचे रांजण शेजारच्या बाईंकडे गेले. पाठोपाठ कुंड्या गेल्या. एका दुपारी मावशी केस कुरळे करून, ओठ रंगवून घरी आल्या.

"फोटो काढून आले," त्या म्हणाल्या. "चांगला यायला हवा. पुढे लोक तोच बघणार."

जिन्यात दा-सोलने मारेतचा दंड धरला. "आमच्याकडे म्हातारी माणसं आपला फोटो आधीच काढून ठेवतात. शेवटच्या दिवशी समोर ठेवायला."

त्या संध्याकाळी मावशींच्या मुलाचा उल्सानहून फोन आला. भिंती पातळ होत्या.

"रडतोस काय घोड्या," मावशी म्हणत होत्या. "माझं सगळं आवरलंय. नाही, घाबरत नाही. बरं, थोडी घाबरते. तू जेवलास का?"

मारेतने बुसानची सहल रद्द केली. मैत्रिणींना सर्दीचं कारण सांगितलं आणि उरलेले दिवस मावशींजवळ घालवले. दोघी खालून तापवलेल्या गरम फरशीवर बसून पत्ते खेळल्या. मावशींनी उघड उघड लबाडी केली आणि पकडल्यावर म्हणाल्या, "वयाचा मान ठेव." दोघींनी रताळी भाजली. मारेतने आपल्या आजीची सुपाची रीत दाखवली. मावशींनी एक घोट घेतला, विचार केला आणि म्हणाल्या, "याला काहीतरी झालंय." पण वाडगा चाटून पुसून संपवला.

"तुमच्याकडे बर्फावरून म्हातारी माणसं घसरत नाहीत?" त्यांनी मध्येच विचारलं.

"घसरतात. मग उठतात."

"शहाणी माणसं आहेत."

मारेत हसली, आणि तोंड फिरवून तिने डोळे पुसले.

"मावशी, शुक्रवारी निरोपाचा कार्यक्रम आहे," ती म्हणाली. "पाहुण्या विद्यार्थ्यांतर्फे मी बोलणार आहे. कोरियनमध्ये. तुम्ही याल?"

"मी येणारच होते," मावशी म्हणाल्या.

सभागृह भरलं होतं. मावशी ठेवणीतला कोट घालून दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, शेजारी दा-सोल. मारेत व्यासपीठावर गेली. तिचे कान लाल झाले, पण आवाज फुटला. प्राध्यापकांचे आभार मानायचे होते, ते ती विसरली. एका बाईविषयीच बोलली, जिने तिला बोलायला लावलं. "मावशी," ती शेवटी म्हणाली, "तुम्ही जिथे जाल तिथे एकट्या नसाल. माझं मन तुमच्याबरोबर असेल."

टाळ्या थांबेनात. दा-सोल हुंदके देत होती. मारेत येऊन जागेवर बसली, तेव्हा मावशींनी तिच्या हातात रुमाल दिला.

"झकास बोललीस," त्या कुजबुजल्या. "पण अशी रडतेस कशाला? मला काय मसणात पोचवायचंय?"

तेवढ्यात सूत्रसंचालकाने कागद उलटला.

"आता पुढच्या सत्रात आपल्याकडून परदेशी शिकायला जाणारे विद्यार्थी. ज्यांचं नाव घेईन त्यांनी वर यावं. पहिलं नाव, तार्तू विद्यापीठासाठी. इतिहास विभाग, दुसरं वर्ष. मेंग माल-सुन."

मावशींनी कोटाची बटणं लावली आणि पर्स मारेतच्या मांडीवर ठेवली.

"पाय घे गं जरा," त्या म्हणाल्या, "मला बोलावलंय."